लिसा करताना कॅथेटर श्वासनलिकेतच आहे हे कशावरून ठरवायचं?

निओ_रात्रपाळी: लिसात (जाड नळी न टाकता औषध देण्याची पद्धत) बाळाचा सीपॅप (नाकातून दाबाने हवा देऊन श्वासाला आधार) चालू ठेवून बारीक कॅथेटरमधून (लवचीक नळीतून) सर्फॅक्टंट (फुप्फुसं उघडी ठेवणारं औषध) श्वासनलिकेत देतो. एंडोट्रॅकियल ट्यूब (श्वासनलिकेतली नेहमीची जाड नळी) टाकली की कार्बन डायऑक्साइडचा डिटेक्टर जांभळ्याचा पिवळा झाल्याशिवाय आपण पुढे जात नाही. लिसालाच सूट का? एक किलोच्या बाळाला 200 मिग्रॅ पोरॅक्टंट (एक सर्फॅक्टंट), म्हणजे 2.5 मिली. ते अन्ननलिकेत गेलं तर महागडं औषध वाया आणि बाळाचे श्वासाचे हाल तसेच. औषधाआधी कार्बन डायऑक्साइडची तपासणी सक्तीची हवी.

सीपॅपवाला: अजिबात पटत नाही. कॅथेटर म्हणून वापरलेली 5 फ्रेंचची (फ्रेंच हे जाडीचं माप) फीडिंग ट्यूब श्वासनलिका बंद करत नाही. बाळ स्वतः श्वास घेतं आणि उच्छ्वास कॅथेटरच्या बाजूनेच निघून जातो. डिटेक्टरपर्यंत काही पोचतच नाही, म्हणून कॅथेटर अचूक जागी असूनही तो जांभळाच राहील. मग तुम्ही बरोबर बसलेलं कॅथेटर काढणार, पुन्हा लॅरिंगोस्कोप (घशात बघायचं उपकरण) घालणार, हृदयाचे ठोके मंदावणार. ही सक्ती बाळाला महागात पडेल.

निओ_रात्रपाळी: रंगाच्या डिटेक्टरबाबत मान्य. पण साइडस्ट्रीम कॅप्नोग्राफ (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड तरंगांत दाखवणारं यंत्र) स्वतः हवा खेचतो. तो कॅथेटरला जोडून तरंग दिसले तर? अर्थात औषधाआधीच, नंतर नळीत सर्फॅक्टंट असतं.

सीपॅपवाला: तरंग दिसले तर उत्तम. दिसले नाहीत म्हणून कॅथेटर काढू नका, एवढंच.

वॉर्ड_सिस्टर: सर, दोघांच्याही बोलण्यात खोली राहिली. टोक स्वरतंतूंपुढे 1 ते 2 सेमी, बाळ जितकं लहान तितकं कमी. जास्त गेलं तर उजव्या ब्रॉन्कसमध्ये (उजव्या फुप्फुसाकडे जाणाऱ्या फांदीत) शिरतं आणि औषध एकाच फुप्फुसात जातं. कार्बन डायऑक्साइड तेव्हाही येणारच, त्यामुळे तुमचा तरंग ही चूक पकडणार नाही. म्हणून टोकापासून मोजून मार्करने आधीच खूण करावी. लॅरिंगोस्कोप निघताना कॅथेटर सरकतं, तेव्हा ओठाजवळ बोटांनी घट्ट धरून सेंटीमीटरचा आकडा मोठ्याने सांगावा. व्हिडिओ लॅरिंगोस्कोप असेल तर टोक आत जाताना दोघांनी बघावं.

निओ_रात्रपाळी: सिस्टर, खुणेचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. पण औषध पोटात गेलं का, हे कळणार कधी?

वॉर्ड_सिस्टर: डोस संपल्यावर पोटातली नळी ओढून बघतो. बरंच पांढरं आलं आणि ऑक्सिजनची गरजही उतरली नाही, तर औषध अन्ननलिकेत गेल्याचा संशय घ्यायचा. थोडंसं आलं तर घाबरू नये. कॅथेटर जागेवर असतानाही काही औषध घशात उलटतं आणि बाळ ते गिळतं. म्हणूनच एका दमात ढकलू नये, दोन-तीन मिनिटांत थोडं थोडं द्यावं.