मदत हवी आहे: ऑइल सेपरेटरच्या पाण्यात तेल २८, तपासणी सोमवारी

बालाघाट_७२
परळी भागातल्या कोळसा यार्डाचं वर्कशॉप. डोझर, लोडर, टिपर धुवायचा रॅम्प, त्यामागं तीन खणांचा सेपरेटर. तेल-ग्रीस २८ मिलिग्रॅम प्रतिलिटर आलंय, मर्यादा १०. खण नुकतेच उपसलेत. सोमवारी पर्यावरण तपासणी आहे. काय करू, लवकर सांगा.

गोदाकाठ
दादा, धुता कशानं? सेपरेटरमध्ये पाणी उतारानं जातं की पंपानं? बाहेरचं पाणी नाल्यात की परत वापरात? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

काळीमाती
आधी पाण्याचा नमुना कसा घेतला ते बघा. तेलाचा नमुना प्लास्टिकच्या बाटलीत चालत नाही. रुंद तोंडाची काचेची बाटली, ती त्याच पाण्यानं विसळायची नाही. जागेवरच आम्ल टाकून पीएच (आम्लता दाखवणारा आकडा) २ च्या खाली आणायचा, मग बर्फात.

गोदाकाठ
प्लास्टिकला तेल चिकटतं, म्हणजे आकडा कमी येईल, जास्त नाही. जास्त येतो तो तिसऱ्या खणात वरून बाटली बुडवली तर, तवंग आत शिरतो. नमुना बाहेर पडणाऱ्या धारेचा घ्यावा.

जिवाणूमित्र
तेल खाणारी जिवाणू पावडर टाका. रोज थोडी, पाणी नितळ होतं.

काळीमाती
सोमवारपर्यंत? जिवाणूंना हवा आणि मुक्काम लागतो. रोज ताजं डिझेल-ग्रीस येणाऱ्या खणात ते काय टिकणार? त्यात धुण्याला कॉस्टिक सोडा असेल तर संपलंच.

बालाघाट_७२
गरम पाण्याचा प्रेशर वॉशर, सोबत ग्रीस सोडवणारं कॉस्टिकवालं डिग्रीझर. रॅम्पच्या गाळखड्ड्यातून मोनोब्लॉक पंपानं सेपरेटरमध्ये. बाहेरचं नाल्यात. टँकरवाल्यानं खण उपसून तसेच सोडले.

गोदाकाठ
मग सगळी कारणं इथंच आहेत. डिग्रीझर आणि गरम पाण्यानं तेलाचे बारीक कण होतात, मोनोब्लॉकचा पंखा ते आणखी घुसळतो. असं दुधाळ पाणी कितीही थांबवा, तेल तरंगत नाही. सेपरेटर फक्त तरंगणारं तेल अडवतो. दुसरं, उपसल्यावर तिन्ही खण आधी स्वच्छ पाण्यानं भरावे लागतात. रिकामे सोडले की पहिल्याच धुण्याचं तेल आडभिंतीखालून शेवटच्या खणात जातं.

आत्ताच बाहेर पडणारं पाणी काचेच्या बरणीत भरून रात्रभर ठेवा. वर थर आणि खाली नितळ असेल तर पाणी घाईनं जातंय, पंप कमी चालवा. सकाळीही दुधाळ असेल तर डिग्रीझर बंद. आधी ग्रीस-चिखल पत्र्यानं खरवडून कोरडा काढा, मग थंड पाणी. पंपाऐवजी उतार काढता आला तर उत्तम, नाहीतर पाणी न घुसळणारा डायफ्राम पंप. तिसऱ्या खणातल्या बाहेर जायच्या पाइपाला खाली वळलेला एल्बो आहे ना? त्याचं तोंड तवंगाच्या बरंच खाली, गाळाच्या वर हवं. कोळशाची भुकटी पहिल्या खणात झपाट्यानं साचते. गाळ खोलीच्या चौथ्या हिश्शाला आला की काढा.

काळीमाती
कॉस्टिकमुळं पीएचही ९ च्या वर गेला असेल, तो मोजा. रॅम्पच्या काँक्रीटचे सांधेही बघा. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, खणाच्या भिंती तडकतात. तेल जमिनीत मुरलेलं नोंदवहीत दिसत नाही.

चंद्रपूरवाला
कोळसा खाणींचे सप्टेंबर २००० चे निकष आहेत. तेल-ग्रीस १०, पाण्यातले न विरघळलेले घन पदार्थ १००. ते लागू होतील.

काळीमाती
ते वणी-चंद्रपूरकडच्या खाणींना. यार्ड म्हणजे खाण नव्हे, इथं प्रदूषण मंडळाच्या संमतिपत्रातल्या अटी चालतात. त्यांच्या अटीत १० आहेच, वाद कशाला?

परभणीकर
पाणी नाल्यात का सोडायलेत? २०१५ ला पाण्याविना परळी वीज केंद्राचे संच बंद पडले, २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आणलं. अशा मुलखात धुण्याचं पाणी परत धुण्यालाच वापरलं पाहिजे.

गोदाकाठ
अगदी बरोबर, पण डिग्रीझर बंद झाल्यावरच. नाहीतर तेच तेल पुन्हा गाडीवर.

बालाघाट_७२
बरणी सकाळीही दुधाळच. डिग्रीझर बंद केलं, खण भरून घेतले. उपसलेला गाळ आणि जुनं तेल ड्रममध्ये उघड्यावर आहे. ते चालेल का?

काळीमाती
नाही चालणार. छप्पर, पक्की जमीन, कडेनं बांध. बांधाचा पाणी सोडायचा व्हॉल्व्ह बंद करून कुलूप लावा. बहुतेक ठिकाणी तो उघडाच सापडतो आणि सांडलेलं तेल सरळ बाहेर जातं. प्रत्येक ड्रमवर घातक कचऱ्याचं लेबल आणि भरल्याची तारीख, ९० दिवसांच्या आत रवाना. घातक कचरा पाठवताना भरायच्या फॉर्म १० च्या प्रतींमध्ये निळी प्रत कचरा घेणाऱ्याकडून परत येते. ती फाइलला नसेल तर आजच मागवा, अधिकारी आधी तीच उघडतात.