स्वेटर कापून पुढून उघडणारे बिनबाह्यांचे जाकीट : टाके न सुटता कसे करावे?

प्रश्न : धावदोरा, जुळे सोलापूर

नमस्कार. घरात पुरुषांचे दोन तयार स्वेटर आहेत, एक मरून आणि एक करडा. दोन्ही पूर्ण बाह्यांचे, गोल गळ्याचे, छाती ४२ इंच. यजमानांना ते आता सैल होतात, म्हणून ते कपाटात पडून आहेत. त्यांतल्या एकाचे सासूबाईंसाठी पुढून उघडणारे, बिनबाह्यांचे जाकीट करावे असा विचार आहे. त्यांचा उजवा खांदा आखडलेला असल्यामुळे डोक्यावरून घालायचा कोणताही कपडा त्यांना त्रासाचा होतो, आणि बाजारात मिळणारी पुढून उघडणारी जाकिटे एक तर फार जाड असतात, नाही तर नऊवारीच्या पदरावर नीट बसत नाहीत. सोलापूरची थंडी ती केवढी, गड्ड्याची यात्रा उठली की ओसरणारी. पण त्या पहाटे उठून देवपूजेला बसतात आणि तेवढ्या वेळात शाल सारखी खांद्यावरून घसरते.

जवळच्या एका शिंप्यांना विचारले, तेव्हा कात्री लावताच सगळे उसवेल असे सांगून त्यांनी काम घेतले नाही. माझ्याकडे साधी सरळ टीप घालणारी पायमशीन आहे. ब्लाउज, परकर, झबली मी घरीच शिवते, परंतु विणलेल्या कापडाला आजवर हात लावलेला नाही. पुढचा भाग मधोमध कापताना टाके सुटू नयेत यासाठी काय करावे, बटणपट्टी कशाची लावावी आणि मुंढे (बाह्या जोडलेल्या जागा) कसे बंद करावेत, हे कृपया कोणी सविस्तर सांगावे.

उत्तर : सुयांची जोडी, रेल्वे लाइन्स

ताई, जाकीट नक्की होईल. शेटलंड बेटांवर आणि नॉर्वेमध्ये स्वेटर गोल नळीसारखा विणून मग पुढून कात्रीने उभा कापण्याची जुनी पद्धत आहे आणि तिथले पुढून उघडणारे स्वेटर असेच तयार होत आले आहेत. शेटलंडची लोकर इतकी चिवट असते, की कापलेले तंतू एकमेकांना धरून राहतात. नॉर्वेत मात्र कापण्याआधी दोन्ही बाजूंना मशीनची टीप मारतात. आपण नॉर्वेची पद्धत घ्यावी.

सोलापुरात आपल्याला हातमाग-यंत्रमागाच्या कापडाची सवय आहे. चादरीत उभा आणि आडवा असे दोन धागे एकमेकांना बांधून असतात. स्वेटरमध्ये मात्र एकच धागा घरामागून घर (म्हणजे फाशामागून फासा) घेत आडवा जातो आणि प्रत्येक घर खालच्या घरातून वर ओढलेले असते. म्हणून आडवे कापले, की मोकळी झालेली घरे खाली ओघळत जातात. उभे कापले, तर केवळ आडव्या धाग्याचे तुकडे होतात आणि ते सहसा बाजूला सरकत नाहीत. आपला पुढचा छेद उभा आहे, त्यामुळे तो सर्वांत सोपा; जपायचे आहे ते मुंढ्यांना आणि गळ्याला.

स्वेटर टेबलावर सपाट पसरावा, ओढून नव्हे. सुलट बाजूने पाहिल्यास इंग्रजी व्हीच्या आकाराच्या घरांच्या उभ्या ओळी दिसतात. मधली ओळ शोधून तिच्यावरून वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने धावदोरा घालावा. खडूने रेघ मारू नये, कारण खडू लोकरीवर ठरत नाही आणि पट्टी ठेवून मारलेली रेघ नकळत एका ओळीतून दुसरीत शिरते. या धावदोऱ्याच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर, एकाच ओळीत राहून, बारीक टाक्यांची टीप मारावी आणि तिच्या शेजारी आणखी एक मारावी. उभ्या दिशेने विणकाम कमी ताणले जात असल्यामुळे इथे आपली सरळ टीप चालते. गळ्याच्या आणि खालच्या बॉर्डरवर मात्र टीप मागे-पुढे करून पक्की करावी, कारण ओढ तिथेच बसते. चारही टिपा झाल्यावरच कात्री लावावी.

कापलेली कड आत वळू पाहील. साध्या विणीच्या उभ्या कडा उलट बाजूकडे वळतात, तर वरच्या-खालच्या कडा सुलट बाजूकडे. हा कापडाचा स्वभाव आहे, त्यात बिघडले असे काही नाही. पट्टी लावताना कड आत वळलेली आपल्याला हवीच असते.

बटणपट्टीसाठी सुती कापड घ्यावे. जुन्या सुती इरकलीचा काठ असेल तर फारच उत्तम, कारण तो घट्ट विणीचा असतो आणि बटणांचे वजन तोलून धरतो. नवे कापड असल्यास आधी भिजवून वाळवून घ्यावे, नाही तर पहिल्याच धुण्यात पट्टी आटेल आणि पुढचा भाग वर ओढला जाईल. सगळ्यात जास्त वेळ या पट्टीला द्यावा. टेबलावर पडलेल्या स्वेटरची जेवढी लांबी, तेवढीच पट्टीची लांबी. आधी मधोमध टाचणी, मग दोन्ही टोकांना, मग उरलेल्या जागी. हाताने कच्ची टीप घालून स्वेटर खांद्याला धरून उभा करून पाहावा. पुढच्या कडेला लाटा पडत असतील, तर विणकाम ताणले गेले आहे असे समजावे आणि टीप काढून पुन्हा घालावी. इथे केलेली घाई इस्त्रीने निघत नाही.

सासूबाईंच्या खांद्याचा विचार करता टिचबटणे लावू नयेत. ती दाबायला आणि सोडवायला जोर लागतो. मोठी, चपटी, एक इंचाची बटणे चारच लावावीत आणि काजे सुती पट्टीवरच करावीत.

उत्तर : गणवेश कटिंग, अक्कलकोट रस्ता

वरील उत्तराशी मी सहमत आहे. माझे काम शाळेच्या गणवेशांच्या कटिंगचे असल्यामुळे मशीनच्या बाजूने काही गोष्टी जोडतो.

सुई आधी बदलावी. आपल्या नेहमीच्या सुईचे टोक तीक्ष्ण असते. ते घराच्या धाग्यात घुसून धागा तोडते आणि ते भोक काही धुण्यांनंतर उघडे पडते. गोल टोकाची सुई धाग्याला बाजूला सारून खाली जाते. स्वेटरसाठी १४ नंबरची घ्यावी. दोरा सुती न घेता पॉलिएस्टरचा घ्यावा, कारण त्यात थोडी ओढ सहन करण्याची ताकद असते. मशीनच्या फूटचा दाब कमी करावा आणि कापडाखाली पतंगाच्या कागदाची पट्टी ठेवून शिवावे. कागदामुळे मशीनचे दाते विणकाम ओढत नाहीत, आणि टीप झाली की कागद फाडून काढता येतो.

मुंढ्याचा प्रश्न वेगळा आहे. तिथे छेद काही ठिकाणी उभा, काही ठिकाणी तिरपा आणि काखेखाली जवळजवळ आडवा जातो, शिवाय हात हलला की तिथे ताण येतो. सरळ टीप ताणली जात नाही, म्हणून ती तुटते. यासाठी बाही कापून न काढता शक्यतो तिची शिवण उसवून काढावी, म्हणजे मुंढ्याच्या कडेवर कंपनीत वेगळी इंटरलॉक (कड उसवू नये म्हणून गुंफलेली दोऱ्यांची टीप) घातलेली असेल, तर ती जशीच्या तशी राहील. मापासाठी मुंढा किंवा खांदा आत घ्यावाच लागला, तर खूण करून स्वेटर पिको-फॉलच्या दुकानात न्यावा आणि खुणेवरून झिगझॅग मारून घ्यावी. नवी पेठ, मंगळवार पेठेच्या बाजूला अशी कामे सर्रास होतात. कापड ओढू नका आणि आत्ता कापू नका, एवढे मात्र स्पष्ट सांगावे. झिगझॅग मारून झाल्यावर तिच्या बाहेरून घरी कापावे. कड आत दुमडून हाताने हेम करावी आणि हेमचा दोरा किंचित सैल ठेवावा.

छाती ४२ची ४० करायची असल्यास दोन्ही बाजूंच्या शिवणीत अर्धा-अर्धा इंच आत घ्यावे. नऊवारीच्या पदरासाठी याहून कमी करू नये. दोन्ही खांद्यांच्या शिवणीत अर्ध्या इंचाची सुती टेप जरूर लावावी. बटणपट्टीचे वजन पुढे आल्यावर टेप नसलेला खांदा लोंबतो आणि जाकीट दंडावर उतरते, आणि मग ज्या कारणासाठी शाल नको होती तेच पुन्हा होईल.

उत्तर : लोकरगुंडा, होटगी रस्ता

कात्री हातात घेण्याआधी दोन्ही स्वेटर उलटे करून बाजूची शिवण पाहावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. कडा अखंड असतील आणि शिवण साखळीसारखी असेल, तर तो भाग आकारात विणूनच जोडलेला आहे. असा स्वेटर उसवला की धागा सलग मिळतो. कडेवर तीन-चार दोऱ्यांची इंटरलॉक असेल, तर तो कापड कापून शिवलेला आहे आणि उसवल्यास प्रत्येक ओळीचा वेगळा तुकडा हाती येतो. पहिल्या प्रकारचा शुद्ध लोकरीचा स्वेटर कापणे मला पटत नाही. तो उसवावा, धाग्याच्या लडी करून कोमट पाण्यात भिजवाव्यात, खाली हलके वजन बांधून वाळवाव्यात, म्हणजे धाग्याचे वळसे जातात आणि त्यातून हवे ते नव्याने विणता येते.

लोकर की ॲक्रिलिक हे ओळखण्यासाठी आतल्या शिवणीतून एक धागा काढून चिमट्याने धरावा आणि स्टीलच्या ताटलीवर पेटवावा. शिवणीचा दोरा नव्हे, विणीचाच धागा घ्यावा. लोकरीला केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की ती विझते आणि राख बोटाने चुरडली जाते. ॲक्रिलिक वितळत जळते आणि त्याचा काळा, टणक मणी उरतो. शुद्ध लोकरीचे वुलमार्क चिन्ह शाबूत असेल तर प्रश्नच मिटला, परंतु जुन्या स्वेटरांची लेबले बहुधा धुऊन पुसलेली असतात.

प्रश्नकर्ती : धावदोरा, जुळे सोलापूर

सर्वांचे मनापासून आभार. दोन्ही स्वेटर उलटे करून पाहिले. दोन्हींवर इंटरलॉक आहे, त्यामुळे उसवण्याचा विचार सोडला. मरूनचा धागा वितळून मणी झाला, करड्याला केसांचा वास आला. करडा स्वेटर चांगल्या लोकरीचा असल्यामुळे तो ठेवून मरूनचे जाकीट करावे, असे मनात आहे. निघालेल्या बाह्यांचे वर्षभराच्या नातवासाठी काही होऊ शकेल का?

उत्तर : सुयांची जोडी, रेल्वे लाइन्स

ताई, निवड उलटी करावी असे मी सुचवेन. सासूबाई हे जाकीट पहाटे पूजेला घालणार आहेत, म्हणजे समोर निरांजन आणि समई असणार. ॲक्रिलिक सहज पेट घेते आणि वितळून अंगाला चिकटते. लोकर सहजासहजी पेटत नाही. पुढून उघडणारे जाकीट वाकल्यावर ज्योतीकडे झुकते, आणि बटणे रोज सगळी लावली जातीलच असे नाही. म्हणून जाकीट करड्याचेच करावे. मरून स्वेटरवर आधी चार टिपा घालून, मधून कापून हात बसवून घ्यावा. त्याचे आपल्यासाठी बाहेर घालायचे जाकीट होईल.

बाळासाठी मरूनच्या बाह्या घ्याव्यात. बाहीचा कफ पायाच्या घोट्याशी येतो आणि मुंढ्याकडचा रुंद भाग कमरेकडे. दोन्ही बाह्या आतल्या शिवणीवर वरून हव्या तेवढ्या उसवून, मोकळ्या कडांवर झिगझॅग मारून एकमेकींना जोडल्या, की विजार तयार होते. कमरेला दुमड घालून मऊ इलॅस्टिक ओवावे. इंटरलॉकच्या शिवणी बाळाच्या मांडीला टोचतात, म्हणून आतून जुन्या धोतराची पातळ पट्टी लावावी. ही विजारही शेकोटीपासून आणि देवघरापासून दूरच ठेवावी.

धुण्याच्या बाबतीत दोन्हींची तऱ्हा वेगळी. करडे जाकीट गार पाण्यात, न चोळता, दाबून धुवावे. गरम पाण्यात चोळल्यास लोकरीच्या तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकून कापड कायमचे आटते. पिळून दोरीवर टांगू नये, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढावे आणि सपाट पसरून सावलीत वाळवावे. मरूनला गरम इस्त्री अजिबात लावू नये. वाफेने ॲक्रिलिकची बॉर्डर एकदा ढिली पडली, की ती पुन्हा आवळत नाही.