पाळीव प्राण्यांच्या पाण्यात सप्लिमेंट आपोआप सोडायची जोडणी : पंप, मात्रा, सुरक्षितता

वायरगुंता

नमस्कार मंडळी. घरात २८ किलोचा लॅब्रेडॉर आणि साधारण ४-४ किलोच्या दोन मांजरी आहेत. तिघांना मिळून अडीच लिटरचं फिरत्या पाण्याचं कारंजं आहे, आत कोळशाचा फिल्टर. त्यात तीन गोष्टी रोज आपोआप पडाव्यात असा विचार आहे: बी-कॉम्प्लेक्सचं सिरप, दातांसाठीचं पाण्यात घालायचं द्रव (लेबलवर लिटरला ५ मिली) आणि ओमेगा-३ तेल.

जमवलेलं सामान: ईएसपी ३२ (छोटा कंट्रोलर बोर्ड), १२ व्होल्टचे तीन पेरिस्टाल्टिक पंप (फिरते रोलर नळी दाबून द्रव पुढे ढकलतात), पंप चालू-बंद करायला आयआरएफ ५२० चे मॉस्फेट मॉड्यूल (इलेक्ट्रॉनिक स्विच), मात्रा मोजायला वायएफ-एस २०१ फ्लो सेन्सर. रोज सकाळी ८ वाजता ठरावीक सेकंद पंप चालवायचा, एवढाच प्रोग्रॅम डोक्यात आहे. यात काय चुकेल ते आधीच सांगा.

सोल्डरगन

सामानापासून सुरू करतो.

फ्लो सेन्सर परत करा. वायएफ-एस २०१ मिनिटाला १ ते ३० लिटरसाठी आहे. तुमचा पंप मिनिटाला ४० मिलीच्या आसपास देईल, त्यात आतली चक्री हलणारही नाही. त्याऐवजी बाटलीखाली १ किलोचा लोड सेल (वजनाचा सेन्सर) आणि तो वाचणारं एचएक्स ७११ मॉड्यूल लावा. ५ मिली गेलं की बाटली ५ ग्रॅमच्या आसपास हलकी झाली पाहिजे. झाली नाही तर बाटली रिकामी आहे, नळीत हवा आहे किंवा नळी फाटली आहे. हा ताळा नसेल तर पंप नुसती हवा ओढत राहील आणि नोंदीत मात्र ‘डोस दिला’ असंच दिसेल.

आयआरएफ ५२० ला ३.३ व्होल्टवर नीट जाग येत नाही. मॉस्फेट तापतो, पंप मंद चालतो, मात्रा कमी पडते. आयआरएलझेड ४४ एन घ्या, एवढ्याशा पंपाला तो पुरतो. पंपाला उलटा डायोड (१एन४००७), मॉस्फेटच्या गेट पिनेपासून ग्राउंडला १० किलो-ओहमचा रेझिस्टर. बोर्डाची पिन २५, २६, २७ पैकी घ्या. १४ आणि १५ या पिना बोर्ड सुरू होताना स्वतःच झटके देतात, म्हणजे लाईट गेली-आली की पंप आपला आपण थोडा फिरणार. १२ नंबरही टाळा, ती बूटच्या वेळी वाचली जाते.

पण खरी चूक घड्याळाची आहे. काल अर्धंच पाणी संपलं आणि आज ८ ला पुन्हा पूर्ण डोस पडला, तर पाण्यातलं द्रवाचं प्रमाण दिवसेंदिवस वाढत जाणार. डोस नव्याने ओतलेल्या पाण्याशी बांधा. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे एक बटण: एक लिटरची बाटली ओतली की एकदा दाबायचं, ५ मिली पडणार. सकाळी कारंजं धुऊन भरलं की दोन लिटरचे दोन दाब, लागोपाठ तिसरा दाब प्रोग्रॅमने नाकारायचा. वरून पुन्हा भर घालायची झाली तरी पूर्ण लिटरच ओता, म्हणजे हिशेब चुकत नाही.

कॅलिब्रेशन (पंप मिनिटाला नक्की किती देतो ते मोजणं) असं: नळी पूर्ण भरून घ्या, पंप ६० सेकंद चालवा, सोनाराच्या ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर वजन करा. पाच वेळा करून सरासरी काढा. हे प्रत्यक्ष द्रवावर करा, साध्या पाण्यावर नको. सिरप घट्ट असेल तर आकडा बराच खाली येतो. मिनिटाला ४० मिली आले तर ५ मिलीला ७.५ सेकंद. अर्धा मिलीसारख्या बारीक मात्रा या पंपावर देऊ नका. रोलर कुठे थांबला होता यावरच तेवढा फरक पडतो.

पशुपथ्य

यंत्राचं ठीक आहे, पण यादीतल्या तीनपैकी दोन गोष्टी पाण्यात जायलाच नकोत.

ओमेगा-३ हे तेल आहे. ते पाण्यावर तरंगेल, नळीला आणि कारंज्याच्या पंपाला चिकटेल आणि हवा लागून खवट होईल. ते जेवणावर घाला, विषय संपला.

बी-कॉम्प्लेक्सची मात्रा वजनावर ठरते आणि एकाच भांड्यात २८ किलोचा कुत्रा नि ४ किलोची मांजर पितात. कुत्रा दिवसाला किलोमागे ५०-६० मिली धरला तर त्याचेच १.४ ते १.७ लिटर झाले. मांजर कोरड्या खाण्यावर असेल तर दीड-दोनशे मिली पिईल. ओलं खाणं असेल तर त्यातच पाऊण हिस्सा पाणी असतं, मग भांड्याकडे ती फारशी फिरकतही नाही. उन्हाळ्यात हे सगळे आकडे वर जातात. म्हणजे यंत्राने मात्रा कितीही अचूक सोडली तरी कुणाच्या पोटात किती गेलं हे गुलदस्त्यातच. त्यात रायबोफ्लेविन (बी-२) उजेडात टिकत नाही, थायमिन (बी-१) अल्कधर्मी पाण्यात टिकत नाही. बोअरचं जड पाणी असेल तर बघायलाच नको. ते सिरप सिरिंजने मोजून खाण्यात द्या.

दातांचं द्रव मात्र पाण्यात चालतं, कारण त्याची मात्रा लिटरला किती अशीच असते. फक्त बाटलीवरचे घटक वाचा. त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असेल तर कुत्र्याच्या घरात ते नकोच. किलोमागे ०.१ ग्रॅमच्या आसपासही कुत्र्याची रक्तशर्करा कोसळू शकते, त्याहून जास्त गेलं तर यकृतावर येतं. पाण्यात पातळ केलेलं द्रव कमी वाटेल, पण तुमच्या जोडणीत मूळ बाटली भांड्याशेजारीच उभी आहे आणि लॅब्रेडॉरला ती कलंडवायला किती वेळ लागणार? मांजरींसाठी प्रॉपिलिन ग्लायकॉल (सिरपमधलं एक विद्रावक) आहे का बघा. त्याने त्यांच्या तांबड्या पेशी बिघडतात. अमेरिकेच्या एफडीएने (अन्न-औषध प्रशासनाने) १९९६ मध्येच मांजरांच्या खाण्यात त्यावर बंदी घातली. माणसांच्या सिरपमध्ये हे दोन्ही सापडू शकतात. लेबलवर ‘कुत्रा व मांजर’ असं दोघांचंही नाव नसेल तर व्हेटला विचारल्याशिवाय भरू नका.

लेअरवाला

पाण्यातून औषध द्यायची पद्धत पोल्ट्रीत रोजची आहे. मेडिकेटर (पाण्याच्या लाईनमध्ये औषध ठरावीक प्रमाणात मिसळणारं यंत्र) १:१०० किंवा १:१२८ वर लावायचा, लाईनमधून जीवनसत्त्वं सोडायची. तिथे जमतं कारण हजारो पक्षी एकाच वयाचे, एकाच वजनाचे, खाणंही एकच. सरासरी लागू पडते. तीन जनावरांत सरासरी कसली काढणार?

तिकडच्या दोन गोष्टी मात्र घ्या. एक, गोड द्रव गेलेल्या नळीत बुळबुळीत थर धरतो. तो थर सुटून पक्ष्यांचे पाणी प्यायचे निपल तुंबतात, तुमच्याकडे पंपाचं चाक अडकेल. डोस संपला की साध्या पाण्याने नळी धुवायचीच. दोन, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन. पुढेमागे प्रोबायोटिक (उपयोगी जिवाणू) घालायचं मनात आलं तर ते क्लोरीनने मरतं. म्हणून तर पोल्ट्रीत पाण्यातून लस देताना आधी लिटरला अडीच ग्रॅम दूध पावडर टाकतात.

आणि कोणी गिनीपिगवाले हा धागा वाचत असतील तर: त्याला क जीवनसत्त्व बाहेरून लागतं (कुत्रा-मांजर स्वतः तयार करतात), पण ते पाण्यातून देऊ नका. काही तासांतच उतरू लागतं. तांब्याच्या भांड्यात तर आणखी लवकर.

वायरगुंता

म्हणजे तीन पंपांचा एक पंप झाला! फक्त दातांचं द्रव ठेवतो, घटक तपासून. आता तीन शंका. मध्येच लाईट गेली तर? कोळशाच्या फिल्टरचं काय? आणि मांजरींनी वासाने पाणी सोडलं तर?

सोल्डरगन

लाईट: पंप सुरू करण्यापूर्वी कायम मेमरीत ‘सुरू’ लिहा, संपल्यावर ‘पूर्ण’. बोर्ड उठल्यावर ‘सुरू’ दिसलं आणि ‘पूर्ण’ नसलं, तर डोस न देता बझर वाजवायचा. पाणी ओता, नव्याने भरा. एक डोस चुकला तर बिघडत नाही, दुप्पट पडू नये.

प्रोग्रॅमवर भरवसा ठेवूनही बाटलीत दोन दिवसांपुरतंच, म्हणजे २० मिली भरा. मॉस्फेट जळून कायमचा चालू राहिला तरी तेवढंच पडेल. बाटली कारंज्याच्या पातळीपेक्षा खाली, झाकणाच्या डब्यात, आणि नळीचं टोक पाण्यापासून २-३ सेंटिमीटर वर. टोक पाण्यात बुडवलंत आणि नळी झिजली की पाणी सायफनने उलटं बाटलीत येतं. बाटली वर टांगलीत तर सगळं द्रव खाली. सिलिकॉनची नळी रोलरखाली दबून सपाट होत जाते, तेव्हा महिन्याला वजन करून बघा. ५ मिलीचे ४.५ झाले की बदला.

पशुपथ्य

कोळसा द्रवातले बरेच घटक शोषतो, म्हणून फिल्टर काढा आणि नुसता स्पंज ठेवा. मग पाणी रोज बदलावं लागेल, ते टळत नाही. कारंज्याला अतिनील दिवा असेल तर तोही बंद.

मांजरींसाठी शेजारच्या खोलीत साध्या पाण्याचं भांडं कायम, त्यात काहीही नको. बोक्याने पाणी कमी केलं तर लघवी तुंबण्यापर्यंत जातं. सुरुवात लिटरला अर्ध्या मिलीने करा (हे हाताने, सिरिंजने). तीन दिवसांनी १ मिली, मग दर तीन दिवसांनी एकेक मिली वाढवत ५ पर्यंत. रोज कारंज्याचं आणि साध्या पाण्याच्या भांड्याचं वजन लिहा. बाजूला तोंड पोचणार नाही अशा जागी तसंच दुसरं भांडं ठेवून त्याची घटही मोजा, कारण मे महिन्यात बाष्पीभवनानेच बरंच पाणी उडतं आणि ते मांजर प्यायली असं वाटतं. कारंजं वाहतं असल्याने त्यातून थोडं जास्तच उडतं, तेही धरा. कारंजं आणि साध्या पाण्याचं भांडं मिळून पिणं आधीच्या तीन-चतुर्थांशावर आलं की द्रव थांबवा, आणि बोका लघवीला बसून कण्हत असेल तर त्याच दिवशी व्हेटकडे न्या.