तालुक्याच्या गावात घरपोच रुग्णसेवा : गूगलवर चांगले रिव्ह्यू कसे मिळवावे?

रुग्णसेवा_दारव्हा
दारव्हा तालुक्यात घरपोच रुग्णसेवा आहे. 7 अटेंडंट (पेशंटजवळ राहून देखभाल करणाऱ्या बाया), 2 एएनएम सिस्टर (शिकलेल्या नर्स), बारा आणि चोवीस तासांची ड्युटी. पेशंट बहुतेक आसपासच्या खेड्यांतले : लकवा झालेले, नाहीतर खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेले. गूगलवर तीनच रिव्ह्यू आहेत. दोन पाच स्टारचे, एक एका स्टारचा, सरासरी 3.7 दिसते. त्या एकात लिहिलं आहे, 'बाई दोन दिवस आलीच नाही, ऑफिसात फोनही उचलला नाही.' पैसे घेऊन 50 रिव्ह्यू टाकून देतो म्हणणारे भेटतात. लोकांना मागावं कसं, कधी, आणि त्या एका स्टारचं काय करावं?

मोजूनमापून
आधी हिशेब करा. तिन्हींची बेरीज 11. आणखी पाच जणांनी पाच-पाच स्टार दिले, तर 36 भागिले 8, म्हणजे 4.5. पाच खऱ्या घरांचं काम आहे हे, त्यासाठी 50 विकत काहून घेता? गूगलच्या लक्षात आलं तर रिव्ह्यू उडतात, काही काळ नवे घेणं बंद होऊ शकते आणि खोटे रिव्ह्यू काढल्याची सूचना तुमच्याच प्रोफाईलवर झळकू शकते. मग खरे पाचही कोणी खरे मानत नाही.

रिव्ह्यूच्या बदल्यात बिलात सूट किंवा एक दिवस फुकट, हेही नियमात बसत नाही. तुमच्या स्टाफचे आणि तुमच्या स्वतःच्या घरच्यांचे रिव्ह्यूही नाही. बरेच जण फसतात ते आणखी एका ठिकाणी : आधी 'किती स्टार द्याल' विचारायचं, पाच म्हणाला तरच लिंक पाठवायची. खूश असलेल्यांनाच वेचून मागणं गूगलला चालत नाही. मागायचं तर सगळ्यांना. भारतीय मानक ब्युरोचं ऑनलाईन रिव्ह्यूबद्दलचं मानकही आहे, आयएस 19000:2022. ते ऐच्छिक आहे, पण रिव्ह्यू खऱ्या ग्राहकाचाच असावा, हाच त्याचाही रोख.

गूगलवरच्या तुमच्या बिझनेस प्रोफाईलमध्ये रिव्ह्यू मागण्याचं बटण असते. त्यातून छोटी लिंक आणि क्यूआर कोड मिळतो. क्यूआर बिलाच्या मागे छापा, लिंक व्हॉट्सॲपवर पाठवा. बाईच्या फोनवरून सगळ्या घरांचे रिव्ह्यू टाकता येत नाहीत. एका खात्यावरून एका ठिकाणाला एकच रिव्ह्यू.

सिस्टर_पुसद
कधी मागायचं, तर सेवा सुरू झाल्यावर सातव्या ते दहाव्या दिवशी. पहिले तीन दिवस घरच्यांची धास्तीच जात नाही, आणि महिन्याचं बिल हाती देताना मागितलं तर ते बिलाला चिकटते. पेशंट गेला असेल तर तेरवी होईपर्यंत एकही मेसेज नको, आपोआप जाणाराही नको. मेसेज कोणाकोणाला जाते ती यादी हातानं तपासा.

कोणाला मागायचं, ही खरी गोम आहे. पैसे पाठवणारा पोरगा पुण्यात, आणि कामाकडे पाहणारी सून गावात. पोराला बाई किती वाजता आली ते दिसतच नाही, तो काय लिहिणार? म्हणून खाटेजवळ एक वही ठेवा : आल्याची-गेल्याची वेळ, बीपी, शुगर, लघवी किती मिली, दर दोन तासांनी कूस बदलल्याची खूण, खाणं. रोज संध्याकाळी त्या पानाचा फोटो पोराला. दहा दिवस फोटो पाहिलेला माणूस 'गुड सर्व्हिस' लिहून थांबत नाही.

सुनेच्या फोनवर जीमेल खातं बरेचदा दुकानदारानं नाहीतर पोरानं उघडलेलं असते आणि रिव्ह्यूवर त्याच खात्याचं नाव येते. ते आधी सांगून ठेवा. सासूचं दुखणं चारचौघांत नको वाटलं तर नुसते स्टारही चालतात. मराठीत लिहिलं तरी चालते, कीबोर्डवरचा माईक दाबून बोललं तरी चालते. सोयाबीन काढणीत दिवसा फोन पाहायला कोणाला फुरसत नसते. मेसेज रात्री आठच्या सुमारास, आणि आठवण एकदाच.

मेसेज असा असू द्या : 'नमस्कार. सेवेला दहा दिवस झाले. बाई वेळेवर येते का, सुटीच्या दिवशी बदली मिळाली का, आंघोळ आणि कूस बदलणं नीट होते का, जसं असेल तसं दोन ओळींत लिहा. आजाराचं नाव लिहू नका.'

ड्युटीचार्ट
तुमचा रिव्ह्यू सुटीच्या दिवशी ठरते, भाऊ. बाईनं वीस दिवस मन लावून केलं आणि एकविसाव्या दिवशी न सांगता आली नाही, तर लोक एकविसावा दिवस लिहितात. 7 अटेंडंट आहेत तर निदान एक जण राखीव ठेवा, सातही जणी घरोघरी अडकवू नका. बाईनं सकाळी सहापर्यंत 'निघाली' कळवायचं. नाही कळवलं तर साडेसहाला राखीव बाई निघाली पाहिजे, कारण खेड्यावर जाणारी एसटी चुकली तर दुसरी कधी येईल ते तुम्हालाच ठाऊक.

दुसरी भांडणं कामाच्या हद्दीवरून. पहिल्याच दिवशी कागदावर लिहून सही घ्या : पेशंटचे कपडे, भांडी, डायपर, आंघोळ, भरवणं हे अटेंडंटचं, घरभराची धुणीभांडी नाही. इंजेक्शन, कॅथेटर, नाकातली नळी घालणं हे अटेंडंटनं करायचंच नाही, त्याला सिस्टर आणि डॉक्टरांची चिठ्ठी.

एका स्टारला उत्तर द्याच, पण आधी फोन करा. उत्तरात पेशंटचं नाव, गाव, आजार, थकलेलं बिल, काहीही नको. एवढं पुरे : 'आपली गैरसोय झाली, माफ करा. आता सुटीच्या दिवसासाठी राखीव अटेंडंट आहे आणि फोनला दुसरा नंबर दिला आहे.' दोन्ही खरंच केलं असेल तरच लिहा. हा रिव्ह्यू खऱ्या ग्राहकाचा दिसते, तक्रार करून उडवायच्या भानगडीत पडू नका.

रुग्णसेवा_दारव्हा
राखीव अटेंडंट या सोमवारपासून ठेवतो. त्या घराचे दोन दिवसांचे पैसे परत करायचे आहेत. तेव्हाच रिव्ह्यू बदला म्हणावं का?

मोजूनमापून
नाही. पैसे देऊन रिव्ह्यू बदलून घेणं हे बिलात सूट देण्याच्या आमिषासारखंच नियमाबाहेर. पैसे आज परत करा, रिव्ह्यूचा विषयही काढू नका. बदलायचा असेल तर तो त्यांच्या खात्यातून त्यांना कधीही बदलता येते, ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. तुम्ही उरलेल्या पाच घरांच्या मागे लागा.