अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या मेलिंग लिस्टवरून

विषय: स्वयंसेवक हवेत (पुन्हा एकदा)

नमस्कार मंडळी,

गणपतीसाठी स्वयंसेवक हवेत असा मेल पाठवला होता, त्याला जेमतेम उत्तरं आली. दरवर्षी तीच मोजकी माणसं सकाळी खुर्च्या लावतात आणि तीच रात्री हॉल झाडतात. त्यामुळे यंदा उत्सवाबरोबर मंडळही जरा भक्कम करायचं असं कार्यकारिणीत ठरलंय. नवे लोक जोडायचे, लायब्ररी आणि फूड बँकेबरोबर (गरजूंना अन्न पुरवणारी संस्था) काहीतरी सुरू करायचं. कसं करावं, मोकळेपणाने लिहा. ‘मंडळ आमच्यासाठी काय करतं’ या चर्चेला कृपया वेगळा विषय उघडा.

– चिटणीस

---

ताई,

लोक यायला तयार असतात. आपण नेमकं कशाला हो म्हणतोय, हे त्यांना कळत नाही. सजावट समितीला हो म्हटलं की माणूस तीन महिने अडकतो, व्हॉट्सॲपच्या आणखी एका ग्रुपात पडतो आणि मखराच्या रंगावर रात्री अकराला मत देत बसतो. त्यापेक्षा ‘शनिवारी ९ ते ११, नोंदणीचं टेबल, शेजारी एक माहीतगार बसेल’ एवढंच लिहा. काम कधी संपणार हे दिसलं की लोक नाव देतात. आणि सगळ्यांना मेल टाकून थांबू नका, फोन करा. ‘तुम्ही याल का’ असं नाव घेऊन विचारलं की नाही म्हणायला जड जातं.

आता भक्कमपणाचं. वेबसाइट कोणाच्या क्रेडिट कार्डावर चालते? सभासदांची यादी कोणाच्या खाजगी जीमेलमध्ये आहे? तो माणूस उद्या दुसऱ्या राज्यात गेला तर? मला सगळ्यात धास्ती ९९०-एन या करखात्याच्या वार्षिक फॉर्मची आहे. ढोबळ जमा सर्वसाधारणपणे ५०,००० डॉलरपर्यंत असेल तर आयआरएसला (अमेरिकेच्या करखात्याला) वर्षातून एकदा ऑनलाइन चार ओळी भरून द्यायच्या, दहा मिनिटांचं काम. जानेवारी-डिसेंबर वर्ष असेल तर मुदत १५ मे. उशीर झाला तर दंड नाही, आणि म्हणूनच ते राहून जातं. पण लागोपाठ तीन वर्षं राहिलं की करमुक्त दर्जा आपोआप जातो.

आणि ‘ढोबळ’ म्हणजे खर्च वजा न करता. ‘आपल्याकडे शिल्लक कुठे राहते’ हे बैठकीत नेहमी ऐकू येतं, ते इथे लागू नाही. तिकिटं, प्रायोजक, देणग्या सगळं धरायचं. मोठा गणपती आणि दिवाळीचं नाटक एकाच वर्षात आलं की आकडा फुगतो. तीन वर्षांची सरासरी मर्यादेबाहेर गेली तर ९९०-ईझेड हा मोठा फॉर्म भरावा लागतो, आणि ते दहा मिनिटांत होत नाही.

– माजी खजिनदार

---

नमस्कार,

मी नवीन सभासद. एच-४ वर आहे (जोडीदाराच्या नोकरीमुळे मिळणारा व्हिसा, त्यावर सहसा नोकरी करता येत नाही), म्हणजे वेळ भरपूर, पण मंडळात काम केलेलं व्हिसाला चालतं का या भीतीने मेलला उत्तर दिलं नाही. माझ्यासारख्या आणखी काही जणी आहेत. दुसरं म्हणजे, गेल्या कार्यक्रमात ‘काही मदत करू का’ असं विचारलं तर ‘नको नको, तुम्ही बसा, एन्जॉय करा’ असं उत्तर मिळालं. आग्रह चांगला होता, पण मी बसूनच राहिले.

– नवी सभासद

---

‘तुम्ही बसा’ हे तर आपलं ब्रीदवाक्यच झालंय!

व्हिसाचं सांगतो. सामाजिक संस्थेत जे काम सहसा बिनपगारीच असतं, ते विनामोबदला करायला साधारणपणे अडचण येत नाही. मात्र मोबदला म्हणजे फक्त चेक नव्हे. वर्षअखेरीला ‘मानधन’ म्हणून गिफ्ट कार्ड द्यायची आपली पद्धत अशा मंडळींच्या बाबतीत तरी बंद करा. शंका असेल तर वकिलाला विचारा, मेलिंग लिस्टला नको.

ज्येष्ठांना गाडीतून आणण्याचं काम वाटताना एक लक्षात ठेवा. १९९७ चा स्वयंसेवक संरक्षण कायदा संस्थेच्या स्वयंसेवकाला साध्या चुकीच्या दाव्यापासून वाचवतो, संस्थेला नाही. आणि गाडी चालवताना झालेलं नुकसान त्यात येतच नाही. चालकाचा विमा आधी बघा. मैलाला १४ सेंट करात वजा दाखवता येतात (वजावटी तपशीलवार दाखवणाऱ्यांना), वेळेची किंमत दाखवता येत नाही. १४ सेंटसाठी कोणी गाडी काढेल असं नाही, पण विचारतात म्हणून लिहिलं.

– माजी खजिनदार

---

मराठी शाळेकडून थोडं.

आमची शाळा शिक्षक बदलले तरी चालते, कारण बृहन्महाराष्ट्र मंडळाचा (उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांची मध्यवर्ती संस्था) अभ्यासक्रम हातात आहे. नवी ताई आली की धडा कुठवर झालाय ते वहीत बघते आणि पुढे शिकवते. नोंदणी, हॉल, ध्वनिव्यवस्था यांचीही एकेक पानी टिपणं झाली तर गणपतीचं निम्मं ओझं उतरेल.

भागीदारीबद्दल मत थोडं तिखट आहे. भागीदारी म्हणजे आपल्या बॅनरवर त्यांचा लोगो, असं आपण समजतो. फूड बँकेला आपला बॅनर नको, त्यांना शनिवारच्या पाळीत ठरलेली माणसं हवीत, तीही सांगून न येणारी नकोत. सहा महिने गाजावाजा न करता त्यांच्या यादीत नावं भरू या. लायब्ररीला मराठी गोष्टींचा तास देता येईल, पण तो सगळ्यांना खुला आणि फुकट ठेवावा लागेल, ‘सभासदांसाठीच’ चालणार नाही. त्या तासालाच शेजारपाजारचे, मंडळाचं नावही न ऐकलेले मराठी लोक येतील. फ्लायर वाटून ते येत नाहीत.

हायस्कूलच्या मुलांना शाळेत दाखवायला समाजसेवेचे तास लागतात, त्यांना जरूर घ्या. फक्त तासांची नोंद त्याच दिवशी करा. मे महिन्यात आई-बाबा कोऱ्या फॉर्मवर सही मागायला येतात, ती मी देणार नाही. नोकरदार सभासदांनीही आपली कंपनी स्वयंसेवेच्या तासांवर संस्थेला पैसे देते का ते बघा. बऱ्याच कंपन्या धार्मिक कामाचे तास धरत नाहीत, तेव्हा आरतीची तयारी ‘शिक्षण’ म्हणून लिहू नका. शाळेचे आणि फूड बँकेचे खरे तास पुरेसे आहेत.

– मराठी शाळा, समन्वयक

---

सगळ्यांचे आभार. कामांची यादी वेळेसकट रविवारी इथेच टाकते. नव्या सभासदताई, तुम्हाला नोंदणीच्या टेबलाचं विचारायला आजच फोन करते, ‘बसा’ म्हणणार नाही. फूड बँकेशी बोलणं शाळेने करावं, लायब्ररीशी मी बोलते. काका, यंदाचा ९९०-एन तुम्हीच भरा, पण शेजारी नव्या खजिनदारांना बसवून. लॉगिन मंडळाच्या ईमेलवर घ्या.

ध्वनिव्यवस्थेचं टिपण लिहायला कोणीतरी हवं. त्याआधी ती सध्या कोणाच्या गॅरेजमध्ये आहे, तेवढं कळवा.

– चिटणीस