मदत हवी आहे : करंट देऊन जीन सोडण्याचा कॅन्सरवरचा उपचार खरा आहे का?

रानजाई

मंडळी, घाईत लिहितेय, सांभाळून घ्या.

माझे थोरले काका, वय ६८, कोल्हापूरजवळच्या गावात असतात. तळपायाचा मेलॅनोमा (त्वचेचा कॅन्सर) आहे. टाचेवरचा काळा डाग बरेच महिने कुरूप समजून ब्लेडने तासत राहिले. मग ऑपरेशन झालं, जांघेतल्या गाठीही काढल्या. आता त्याच पायाच्या नडगीवर हरभऱ्याएवढ्या पाच-सहा काळपट गाठी उठल्या आहेत. डॉक्टरांनी इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला चेतवणारी औषधं) सांगितली, पण खर्चाचा आकडा ऐकून काका म्हणाले, "राहू दे पोरींनो, झालं तेवढं पुष्कळ."

त्यात आतेभावाला एका खाजगी क्लिनिकचा पत्ता लागला. तिथे म्हणे गाठीत 'चांगला जीन' टोचतात, वरून करंट देतात आणि तीन सिटिंगमध्ये लांबच्या गाठीसुद्धा विरघळतात. सोबत अमेरिकेतला एक व्हिडिओ पाठवलाय. चार लाख आगाऊ, शनिवारपर्यंत कळवा.

हा प्रकार खरा आहे का? आणि काकांना पेसमेकर आहे, त्यांना चालेल का? क्लिनिकवाले म्हणतात, काही होत नाही. जाणकारांनी प्लीज सांगावं.

खटपट्या

करंटने गाठी जात असत्या तर आमच्या वायरमनला आयुष्यात काही झालं नसतं. (हलके घ्या.) पैसे मात्र आत्ता देऊ नका.

पेशीवाला

रानजाईताई, व्हिडिओ बहुतेक खरा आहे, क्लिनिक बहुतेक खोटं.

पेशीच्या पडद्याला क्षणभर जोरदार विद्युतक्षेत्र लावलं की त्यात बारीक छिद्रं पडतात. हा विजेचा झटका (पल्स) बेताचा असेल तर छिद्रं बुजतात आणि पेशी जगते. मधल्या वेळात जीनचा डीएनए पडद्याला चिकटतो आणि मग सावकाश आत शिरतो. नॉयमान आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये उंदराच्या पेशींवर हे दाखवलं. आमच्या लॅबमध्ये हे रोजचं काम आहे. द्रावणात मीठ जास्त राहिलं तर क्युवेटमध्ये (पेशी ठेवायच्या छोट्या डबीत) 'फट्' असा आवाज होतो, ठिणगी उडते आणि सगळा बॅच फुकट जातो.

कॅन्सरमध्ये यातून बहुधा इंटरल्युकिन-१२ चा जीन देतात. हे प्रथिन प्रतिकारशक्तीला चेतवतं. मग सरळ प्रथिनच का टोचत नाहीत? टोचून पाहिलं होतं. अमेरिकेत किडनीच्या कॅन्सरच्या एका चाचणीत ते १७ जणांना दिलं, त्यातल्या १२ जणांना दाखल करावं लागलं आणि दोघे दगावले. म्हणून ही वाट शोधली: जीन गाठीतच सोडायचा, म्हणजे प्रथिन तिथल्या तिथे बनतं आणि अंगभर फार पसरत नाही.

माणसांवरची पहिली चाचणी फ्लोरिडातल्या टॅम्पाच्या मॉफिट कॅन्सर सेंटरमध्ये झाली, निष्कर्ष २००८ मध्ये आले. मेलॅनोमाचे २४ रुग्ण होते. गाठीभोवती सुयांचं कडं रोवून सेंटिमीटरला १३०० व्होल्टच्या सहा पल्स, प्रत्येक १०० मायक्रोसेकंदांची. करंट न दिलेल्या लांबच्या गाठीही असलेले १९ जण होते. त्यातल्या दोघांच्या सगळ्याच गाठी गेल्या, आठ जणांचा आजार थांबला किंवा कमी झाला. 'लांबच्या गाठीसुद्धा' हे क्लिनिकवाल्याने इथूनच उचललेलं दिसतंय. पण बाकीच्या नऊ जणांना असा फायदा झाला नाही, हे तो सांगणार नाही. शिवाय ही पहिल्या टप्प्यातली चाचणी होती, मुख्यतः सुरक्षितता बघायची. हेच औषध पुढे नेणारी ऑन्कोसेक ही कंपनी २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली. म्हणजे जे अमेरिकेतही बाजारात आलं नाही ते चार लाखांत इथे कुठून येणार?

अवांतर: युरोपात याची चुलत बहीण वापरात आहे, इलेक्ट्रोकेमोथेरपी. तिच्यात जीन नसतो, ब्लिओमायसिन हे जुनं औषध देऊन वर पल्स देतात. त्वचेवरच्या गाठींसाठी तिची प्रमाणित पद्धत २००६ पासून आहे. क्लिनिकवाला कदाचित हे, ते आणि आणखी काहीतरी एकत्र घोटतोय.

पेसमेकर असलेल्यांना जीनच्या या चाचण्यांत सहसा घेतच नाहीत. "काही होत नाही" म्हणणाऱ्याने तो विचारात तरी घेतला का?

निवासी_रात्रपाळी

पेशीवाला यांना +१. मी ऑन्कोलॉजीत निवासी आहे, पण रुग्ण न बघता लिहितोय हे लक्षात घ्या.

क्लिनिकला एकच विचारा: सीटीआरआय (औषधचाचण्यांची भारतातली नोंदवही) नंबर काय? भारतात औषधाची चाचणी सुरू करण्याआधी तिथे नोंदवावी लागते, आणि संशोधनाचा खर्च रुग्णाच्या माथी मारता येत नाही. चाचणी म्हणून चार लाख मागत असतील तर तिथेच उठा. चाचणी नाही, उपचार आहे म्हणत असतील तर कुठल्या मंजुरीवर, ते लेखी मागा.

दुसरं जास्त महत्त्वाचं. काकांच्या गाठीची बीआरएएफ आणि केआयटी या जीन्सची तपासणी झाली आहे का? तळपायाच्या मेलॅनोमात काही रुग्णांना केआयटीमध्ये बदल सापडतो आणि त्यातल्या काहींना इमॅटिनिब या औषधाचा उपयोग होतो. गोळी आहे, जेनेरिक मिळते, इम्युनोथेरपीच्या तुलनेत पुष्कळ स्वस्त. सगळ्यांना लागू पडत नाही, पण न तपासता सोडून देऊ नका. काकांच्या डॉक्टरांना हे थेट विचारा, त्यात त्यांना वाईट वाटायचं काही कारण नाही.

रानजाई

सगळ्यांचे आभार. क्लिनिकला फोन केला. नंबर विचारल्यावर म्हणाले, "हे बाहेरचं तंत्र आहे, त्याला नंबर लागत नाही." मग म्हणे तीन लाखांत करू. आतेभाऊ आता गप्प आहे.

केआयटीचं फाईलमध्ये कुठेच दिसत नाही. बीआरएएफ निगेटिव्ह लिहिलंय. पण ऑपरेशन दुसऱ्या हॉस्पिटलात झालं होतं, आता नमुना कुठून आणायचा? परत गाठ कापावी लागेल का?

निवासी_रात्रपाळी

बहुतेक नाही. ऑपरेशन झालं तिथल्या पॅथॉलॉजी विभागात ब्लॉक, म्हणजे काढलेल्या गाठीचा मेणात जपलेला तुकडा, ठेवलेला असतो. नुसत्या स्लाइड देऊ करतील, पण तुम्ही ब्लॉकच मागा. काकांच्या सहीचा अर्ज, ओळखपत्राची प्रत आणि जुन्या रिपोर्टवरचा बायोप्सी नंबर घेऊन जा. खिडकीवर "उद्या या" म्हणाले तर अर्जाच्या प्रतीवर पोच मागा. रिपोर्ट आला की इथे टाका, नाव झाकून. किंवा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.