रविवारी ठणठणीत, शनिवारी नुसता 'टक': १९९८ची आठशे

म्हसरूळकर
वडिलांनी घेतलेली कार्बोरेटरवाली मारुती ८००. विकायची नाहीये, तेव्हा "विकून टाक" सोडून बोला. रविवारी पंचवटीत भाजीला नेली तर एका किल्लीत चालू. मग आठवडाभर पार्किंगमध्ये. शनिवारी किल्ली फिरवली की स्टार्टर 'टक' करून गप्प, डॅशबोर्डचे दिवे मंद. ३५ एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता) बॅटरी दिवाळीतच नवी टाकली. नाशकातल्याच द्वारका चौकाजवळच्या एका इलेक्ट्रिशियननं बॉनेट उघडलं न उघडलं तोच सांगितलं, अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) बदला. खरंच तसं असेल?

त्र्यंबकरोड
घरी आलात की निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवायचं. १० नंबरचा पाना, एक मिनिट. मी तीन वर्षं हेच करतोय.

निवृत्त_वायरमन
ओझरला विमानांच्या वायरिंगवर हयात गेली माझी, म्हणून सांगतो, पैसे देऊ नका अजून. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मल्टीमीटर धरा. १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले तर चार्जिंग होतंय. तेवढ्यानं अल्टरनेटर निर्दोष सुटत नाही. आतला डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) गळका असेल तर चार्जिंग बरं दिसूनही गाडी बंद असताना करंट जात राहतो.

म्हणून दुसरं माप. किल्ली खिशात, निगेटिव्ह केबल काढा, मीटर केबल आणि टर्मिनलच्या मधे जोडा, लाल वायर १० अँपिअरच्या भोकात. या अवस्थेत चुकूनही स्टार्टर मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. दार उघडं असलं की आतला दिवा लागतो आणि लोक त्याच करंटमागे तासभर धावतात, तेव्हा दाराचं बटण टेपनं दाबून ठेवा. तुमच्या गाडीत कॉम्प्युटर नाही, आकडा लगेच स्थिरावेल. ०.०३ अँपिअरच्या आत हवा. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा.

म्हसरूळकर
काका, चार्जिंग १४.१. बंद गाडीत ०.१६. सगळे फ्यूज काढले तर ०.१५, बस. म्हणजे अल्टरनेटरच ना?

निवृत्त_वायरमन
घाई नको. ०.१६ म्हणजे दिवसाला जवळपास ४ एएच. पाच-सहा दिवसांत निम्म्याहून जास्त बॅटरी रिकामी, तुमचा शनिवार जुळला. फ्यूज काढून फरक नाही, म्हणजे करंट फ्यूजबॉक्सला वळसा घालून जातोय. एक तर अल्टरनेटरची जाड वायर, नाहीतर कुणीतरी थेट बॅटरीवरून ओढलेलं काहीतरी. मला तर हा आकडा रिलेच्या, म्हणजे छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या, कॉइलसारखा वाटतो. केबल लावून गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी प्रत्येक रिलेला बोट लावा. कोमट लागेल तो चोर.

म्हसरूळकर
सापडला! हेडलाइटच्या मागे काळ्या टेपात गुंडाळलेला रिले. एवढ्या थंडीत हाताला चक्क ऊब. वडिलांना विचारलं तर हसायलाच लागले. पावसाळ्यात कसारा घाटात धुकं असतं म्हणून २००४ साली त्यांनी फॉग लॅम्प बसवले होते. पुढे बंपर बदलला तेव्हा दिवे गेले. रिले, वायर आणि स्टिअरिंगखालचा स्विच तसाच राहिला. दसऱ्याला नवं मॅटिंग टाकताना कुणाचा तरी हात लागला असणार. दिवेच नाहीत, तर कळणार कसं? स्विच दाबला, रिले 'टिक' वाजला, मीटर ०.०१.

निवृत्त_वायरमन
शाब्बास. पण स्विच बंद करून थांबू नका, सगळं मुळापासून काढा. दिव्यांकडे जाणारी वायरीची टोकं दसऱ्यापासून जिवंत होती. बॉडीला टेकली असती आणि वाटेत फ्यूज नसता तर धूर निघाला असता. बॅटरी रात्रभर मंद चार्जिंगला लावा. मग काही तास नुसती ठेवून १२.६ च्या आसपास राहिली तर वाचली म्हणायची.

त्र्यंबकरोड
माझ्या गाडीलाही आधीच्या मालकानं फॉग लॅम्प लावले होते. आज टर्मिनल काढत नाही, सकाळी बोट लावून बघतो.